मंडळावर नाव लागण्याआधी आणि नंतर: सोलापुरातील नव्या विश्वस्तांसाठी

सोलापुरात एखाद्या सेवाभावी संस्थेच्या मंडळावर येण्याचे आमंत्रण बहुधा फोनवरूनच येते. शाळेतला जुना मित्र, गल्लीतले एखादे काका किंवा बँकेतून निवृत्त झालेले सर म्हणतात, "मंडळात एक जागा रिकामी आहे, तुमचं नाव घालतो. काही करावं लागत नाही, वर्षातून दोन सह्या." मलाही असाच फोन आला होता. पूर्व भागात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवणारी ती छोटी संस्था होती. मी आधी सदस्य झालो, दोन वर्षांनी सचिव झालो, आणि त्या 'दोन सह्या' कशाकशावर असतात हे मला सचिव झाल्यावर कळले. मी वकील नाही आणि सीएही नाही. चुका करत शिकलेला एक पदाधिकारी म्हणून, जे मला पहिल्या दिवशी कोणी सांगायला हवे होते तेवढेच पुढे क्रमाने लिहिले आहे.

१. होकार देण्याआधी चार कागद मागा

पहिला कागद संस्थेची घटना, म्हणजे उद्देशपत्रिका आणि नियमावली. दुसरा धर्मादाय कार्यालयातून काढलेला शेड्युल एकचा ताजा उतारा, ज्यात संस्थेचे विश्वस्त आणि मालमत्ता यांची अधिकृत नोंद असते. तिसरा मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. चौथा म्हणजे सरलेल्या वर्षाचे प्रोसिडिंग बुक, आणि तेही झेरॉक्स न घेता मूळ वही समोर बसून चाळावी, कारण कोरी सोडलेली पाने आणि एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली वर्षभराची इतिवृत्ते झेरॉक्समध्ये दिसत नाहीत.

हे मागताना संकोच वाटतो, कारण बोलावणारा माणूस ओळखीचा असतो आणि कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असा आपल्याकडे समज आहे. मी संकोच केला आणि घटना न वाचताच सही केली. पुढे वर्षभराने समजले की आमच्या घटनेत कार्यकारी मंडळाची संख्या नऊ होती आणि मी दहावा होतो. माझी निवडच नियमबाह्य ठरत होती.

घटना वाचताना पाच गोष्टी पेन्सिलीने खूण करून ठेवाव्यात: मंडळाची संख्या आणि मुदत, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान उपस्थिती), सभेच्या नोटिशीचे दिवस, बँक खात्यावर सही कोणी करायची, आणि सभासद कोणाला म्हणायचे. शेवटच्या मुद्द्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण वाद उद्भवला की पहिला प्रश्न हाच येतो की मतदानाचा हक्क नक्की कोणाला होता, आणि तेव्हा सभासद नोंदवही व वर्गणीच्या पावत्या नसतील तर सगळी निवडणूकच हवेत राहते.

२. संस्था कोणत्या कायद्याखाली आहे ते ओळखा

आपल्याकडे बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते. किमान सात जणांनी एकत्र येऊन संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी केलेली असते आणि तीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदलेली असते. जुन्या कागदांवर या दुसऱ्या कायद्याचे नाव 'मुंबई' या शब्दाने सुरू होते. कायदा तोच आहे. नोंदणी क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर असेल तर ती अशी दुहेरी नोंदणीची संस्था, आणि 'ई' असेल तर विश्वस्तपत्राने स्थापन झालेला धर्मादाय न्यास, अशी साधारण खूण धरावी. काही नव्या संस्था कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील कंपन्या असतात. तिथे तुम्ही विश्वस्त नसता, संचालक असता, आणि तिथले वेळापत्रक वेगळे असते. त्यांच्याविषयी मी इथे लिहीत नाही.

न्यासाच्या कायद्यातील एक वाक्य मात्र प्रत्येकाने समजून घ्यावे. कलम ३६अ चा आशय असा की सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या पैशाची आणि मालमत्तेची जितकी काळजी घेईल तितकी विश्वस्ताने न्यासाच्या पैशाची घ्यायची असते. "मी फक्त नावाला होतो" हा बचाव या कसोटीला टिकत नाही. हिशोब सादर करण्यात वारंवार कसूर, कर्तव्यात सातत्याने हयगय किंवा पैशाचा अपहार अशा कारणांवरून विश्वस्ताला निलंबित करण्याचे आणि काढून टाकण्याचे अधिकार कलम ४१ड खाली धर्मादाय आयुक्तांना आहेत, आणि त्यात हयगयही मोजली जाते, हे विशेष.

३. निवड झाल्यावर चेंज रिपोर्ट दाखल झाला का ते पाहा

सभेत टाळ्या वाजल्या, हार घातला, फोटो निघाला, तरी कागदोपत्री तुम्ही अजून विश्वस्त झालेले नसता. कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमधील बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत शेड्युल तीनच्या नमुन्यात धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर होऊन शेड्युल एकवर नाव चढले की नोंद पूर्ण होते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावांतील बदल तात्पुरता स्वीकारून हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस काढण्याची सोय झाली आहे आणि उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून, खर्च भरून, तो माफ करून घेण्याचीही तरतूद आहे. पण या सोयींचा आधार घेऊन कोणी निर्धास्त राहू नये.

आमचे काय झाले ते सांगतो. मी सचिव झाल्यावर बँकेत सह्या बदलायला गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी शेड्युल एकचा उतारा मागितला आणि तो वाचून विचारले, "यातले अध्यक्ष कोण आहेत?" उताऱ्यावर ज्यांचे नाव होते ते अध्यक्ष चार वर्षांपूर्वी वारले होते, आणि त्यांच्या खालचे खजिनदार मुलाकडे हैदराबादला राहायला गेले होते. मधल्या दोन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट कोणी दाखलच केले नव्हते. प्रत्येक अध्यक्षाला वाटत होते की मागच्याने केले असेल. कार्यालय अशा वेळी शेवटचा बदल एकटा घेत नाही. आधीचा, मग त्यानंतरचा, अशी साखळी जोडावी लागते. हैदराबादच्या काकांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणायला मी स्वतः रात्रीच्या गाडीने गेलो. त्या काळात अभ्यासिकेच्या शिक्षकांचे मानधन जुन्या सहीच्या उरलेल्या एका हक्कदाराच्या भरवशावर निघत होते, आणि ते गृहस्थ आजारी पडले असते तर आम्ही खाते असूनही कफल्लक झालो असतो.

म्हणून निवडीच्या दिवसापासूनच एक फाइल उघडावी आणि तीत पुढील कागद गोळा करावेत:

- सभेची नोटीस आणि ती सर्वांना पोहोचल्याचा पुरावा (सही घेतलेले नोटीस बुक किंवा स्पीड पोस्टाच्या पावत्या)
- उपस्थितांच्या सह्यांचा कागद आणि ठरावाची साक्षांकित प्रत
- नव्या विश्वस्तांची लेखी संमतिपत्रे आणि ओळखपत्रांच्या प्रती
- बाहेर पडणाऱ्यांचे राजीनामे; मृत्यू झाला असल्यास मृत्यू दाखला
- जमल्यास बाहेर पडणाऱ्यांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र
- घटनेची प्रत, शेड्युल एकचा उतारा, आणि अर्ज करणाऱ्या विश्वस्ताचे प्रतिज्ञापत्र

बाहेर जाणाऱ्याची सही त्याच सभेत, चहा येण्याआधी घ्यावी. निरोप समारंभानंतर माणूस भेटतो, पण त्याची सही भेटत नाही.

संस्था १८६० च्या कायद्याखालीही असल्यामुळे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाची यादी देण्याची कलम ४ ची जबाबदारी वेगळी असते. ती छोटी आहे, आणि छोटी आहे म्हणूनच राहून जाते.

४. सभा नीट बोलावा, आणि जे घडले तेच लिहा

मंडळाचे अर्धे भांडण नोटिशीवरून होते. घटनेत सात दिवस लिहिले असतील तर सात पूर्ण दिवस द्यावेत, विषयपत्रिका सोबत जोडावी, आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय' या शेवटच्या ओळीखाली निवडणूक, जमीन, कर्ज किंवा नेमणूक असे मोठे विषय कधीही घेऊ नयेत. व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकलेला निरोप सोयीचा आहे, पण घटनेत तशी तरतूद नसेल तर तो नोटिशीच्या जागी चालत नाही. आम्ही दोन्ही करतो.

तारीख ठरवताना सोलापूरचे पंचांग पाहावे लागते. संक्रांतीच्या आठवड्यात गड्ड्याची यात्रा असते, निम्मे सदस्य नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात. आषाढीच्या आधी कोणी पंढरपूरच्या वाटेवर असतो. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनची सभा ठेवणाऱ्या सचिवाला गणपूर्ती मिळत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढे काय करायचे हेही घटनेतच असते. अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा सभा घेता येईल, असे बऱ्याच घटनांत असते. पण सर्वच घटनांत नसते.

सोलापूरची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. आमच्या मंडळात चर्चा तेलुगूत सुरू होते, मध्ये कन्नड येते, कोणी दखनीत टोमणा मारतो, आणि इतिवृत्त मात्र मराठीत लिहिले जाते. लिहिणारा एकटा असतो आणि सही करणारे आठ. आमच्या मंडळावर विडी वळणाऱ्या एक अक्का होत्या. त्या मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. पहिल्याच सभेत त्यांनी वही बाजूला सारली आणि तेलुगूत म्हणाल्या की आधी यात काय लिहिलंय ते वाचून सांगा, मग अंगठा नाही, सही करते. तेव्हापासून सभा संपण्याआधी प्रत्येक ठराव मोठ्याने वाचायचा आणि गरज असेल त्या भाषेत सांगायचा, अशी पद्धत पडली. त्यात वीस मिनिटे जातात. त्याच वाचनात एकदा अक्कांनी विचारले की मे महिन्यात अभ्यासिका बंद असताना विजेचे बिल एप्रिलइतकेच कसे आले. खजिनदार, मी आणि हिशोबनीस, तिघांनीही ते बिल पाहून सही केली होती. शोध घेतला तेव्हा शेजारच्या थंड पेयांच्या दुकानाचा फ्रिज आमच्या मीटरवर चालत असल्याचे निघाले.

इतिवृत्तात भाषणे लिहू नयेत. विषय, थोडक्यात चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक, बाजूने व विरोधी मते, एवढे पुरे. मात्र कोणी विरोध नोंदवा म्हटले तर तो त्यांच्या शब्दांत नोंदवावा. तुम्ही स्वतः एखाद्या ठरावाशी असहमत असाल तर सभेतच तसे सांगून ते वहीत उतरले आहे हे पाहावे. घरी येऊन मित्राला सांगितलेला विरोध कुठल्याही चौकशीत उपयोगी पडत नाही. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त 'कायम' करताना खाडाखोड दिसली तर त्याशेजारी अध्यक्षांची आद्याक्षरे घ्यावीत. वहीची पाने आधीच क्रमांकित असावीत. सुटी पाने चिकटवलेली वही मी तरी हातात धरणार नाही.

संस्थेचा उद्देशच बदलायचा असेल तर साधा ठराव पुरत नाही. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रस्ताव आधी सभासदांना पाठवून विशेष सभा घ्यावी लागते, तीन-पंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तोच निर्णय पुन्हा तितक्याच मतांनी कायम व्हावा लागतो.

५. हिशोब वाचायला शिका

हे काम खजिनदाराचे आहे असे समजून बाकीचे मंडळ पेपर चाळत बसते. हिशोबाची जबाबदारी सर्व विश्वस्तांची असते. ताळेबंद शेड्युल आठच्या आणि उत्पन्न-खर्च पत्रक शेड्युल नऊच्या नमुन्यात असते; वाणिज्य शाखा न शिकलेल्या माणसालाही दोन तासांत ते समजते, फक्त सीएंकडून एकदा ओळ न ओळ समजावून घ्यावे. आमच्या सीएंनी पहिल्या वेळी विचारले, "तुम्हाला खरंच समजून घ्यायचंय?" कारण त्यांच्याकडे येणारी बहुतेक मंडळे 'सही कुठे' एवढेच विचारतात.

मी आधी मागील वर्षाचा आकडा शेजारी ठेवतो आणि जिथे मोठी तफावत आहे तिथे बोट ठेवतो. मग 'उचल' आणि 'येणे' या सदरांखाली कोणाची नावे आहेत ते पाहतो. पदाधिकाऱ्याचे किंवा कर्मचाऱ्याचे तेच नाव तीन वर्षे तिथे बसलेले असेल तर ती उचल राहिलेली नाही, ते कर्ज झाले आहे. 'किरकोळ खर्च' फुगला असेल तर व्हाउचर मागावे. शेवटी लेखापरीक्षकाचे शेरे वाचावेत. बहुतेक जण अहवालाचे पहिले पान आणि शेवटची सही पाहतात, शेरे मधल्या पानांवर असतात.

पैसे कुठे ठेवायचे हा सोलापुरात नाजूक विषय आहे, कारण प्रत्येक मंडळात एखादा सदस्य कुठल्यातरी पतसंस्थेचा संचालक असतो आणि तिथे व्याज दीड-दोन टक्के जास्त मिळते. कलम ३५ प्रमाणे न्यासाचा शिल्लक पैसा अनुसूचित बँक, पोस्टाची बचत बँक, शासनाने या कामासाठी मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांतच ठेवायचा असतो. पतसंस्था या यादीत नाही. शिवाय बँकेतील ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला जे विमा संरक्षण असते ते पतसंस्थेतील ठेवीला नसते. हे सभेत सांगताना समोरचा दुखावतो. मी कायद्याची प्रत वाचून दाखवली आणि विषय व्यक्तीवरून नियमावर नेला.

चेकवर दोन सह्या असाव्यात आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात. कोऱ्या चेकवर सही करून ठेवणे ही आपल्याकडची जुनी 'सोय' आहे: "मी आठवडाभर पुण्याला आहे, चार चेक सही करून ठेवतो." पहिल्याच दिवशी तिला नकार द्यावा.

आयकराच्या बाजूला संस्थेची सूट टिकवण्यासाठी उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्देशांवर खर्च व्हावा लागतो, आणि ज्याला आपण १२ए (संस्थेच्या करमाफीसाठी) व ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) म्हणतो त्या नोंदण्या आता कायमच्या नसून मुदतीच्या आहेत. मुदत संपण्याची तारीख अध्यक्षांच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या परिपत्रकांवर विसंबू नका, सीएंना विचारा. रोख देणगीची रक्कम २,००० रुपयांच्या वर गेली तर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधीच सांगावे, म्हणजे मार्चअखेरीस फोनवर वाद होत नाहीत.

परदेशी देणगीचा मोह अनेकांना होतो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही; नोंदणी असेल तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. कुणा ओळखीच्या संस्थेच्या खात्यातून 'फिरवून' घेण्याचा सल्ला मिळाला तर तिथून उठावे.

६. जमीन, इमारत आणि कर्ज

इथे एकच नियम पाठ करावा: आधी परवानगी, मग व्यवहार. न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे यासाठी कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देतानाही ती लागते. संस्थेच्या नावे कर्ज काढण्याआधी किंवा मालमत्ता गहाण टाकण्याआधीही परवानगीचा नियम तपासून घ्यावा. सभागृह मोबाइल टॉवरला किंवा कोचिंग क्लासला लांब मुदतीने देऊन बसलेली मंडळे मी पाहिली आहेत. करार आधी आणि चौकशी नंतर, असा त्यांचा क्रम झाला.

७. नात्यागोत्याचे व्यवहार

सोलापूर शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत कधी ना कधी गणवेश खरेदीचा विषय येतोच, आणि मंडळातल्या कोणाचा तरी मेहुणा किंवा चुलतभाऊ गारमेंट चालवत असतो. आमच्याकडे एकदा तीन कोटेशने आली. तीन वेगळी लेटरहेड, तीन वेगळे शिक्के. पण तिन्ही कागदांत 'मापाप्रमाणे' हा शब्द 'मापाप्रमाने' असा एकाच पद्धतीने चुकलेला होता. ज्यांनी ती आणली ते गृहस्थ अप्रामाणिक नव्हते, दरही वाजवी होता; "तीन लागतात म्हणून तीन आणली," असे त्यांनी सरळ सांगितले. नेमकी हीच सवय घातक आहे, कारण विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला संस्थेकडून वाजवीपेक्षा जास्त लाभ मिळाल्याचे दिसले तर आयकराची सूट धोक्यात येते.

त्यानंतर आम्ही साधी रीत ठरवली. वर्षाच्या पहिल्या सभेत प्रत्येक सदस्य आपल्या आणि जवळच्या नातेवाइकांच्या व्यवसायांची यादी लिहून देतो. तसा विषय आला की तो सदस्य चर्चेच्या वेळी बाहेर बसतो, मत देत नाही, आणि तो बाहेर गेल्याची वेळ इतिवृत्तात नोंदवतात. नातेवाइकाकडून खरेदी करूच नये असे नाही. छोट्या गावात आणि छोट्या समाजात ते शक्यही नसते. दर दुसरीकडून खरोखर तपासलेला असावा आणि ठरवणारा हात वेगळा असावा.

८. मंडळाचे काम आणि कार्यालयाचे काम

नवा विश्वस्त दोन टोकांपैकी एका टोकाला जातो. एक तर तो सभेपुरताच येतो, नाही तर रोज संध्याकाळी कार्यालयात बसून हजेरीपटापासून खडूच्या खोक्यापर्यंत सगळ्यात लक्ष घालतो. मी दुसऱ्या प्रकारचा होतो. आमच्या केंद्रप्रमुख ताईंनी एक दिवस शांतपणे विचारले, "सर, मी सुट्टी तुमच्याकडून मागायची की अध्यक्षांकडून?" तेव्हा लक्षात आले की मी त्यांचे काम अवघड करून ठेवले होते.

अंदाजपत्रक, धोरण, मुख्य नेमणूक, वार्षिक आढावा आणि कायद्याचे पालन ही मंडळाची कामे. रोजचे कामकाज नेमलेल्या माणसाचे. कर्मचाऱ्यांना सूचना एकाच वाटेने जाव्यात. मंडळाने स्वतः विचारायलाच हवेत असे प्रश्नही आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळविरोधी कायदा, २०१३ खालील अंतर्गत समिती नेमली आहे का? मुलांसोबत काम असेल तर मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, हे प्रत्येक शिक्षकाला आणि शिपायाला सांगितले आहे का? 'संस्थेची बदनामी नको' म्हणून प्रकरण मिटवणाऱ्या मंडळावर स्वतःच गुन्हा ओढवतो.

९. वर्षाचे वेळापत्रक

१ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष धरून आमच्या भिंतीवर असा कागद असतो: एप्रिलमध्ये रोकड व साठ्याची मोजणी आणि व्यवसायांच्या याद्या; ३१ मेपर्यंत ८०जीच्या देणगीदारांचे विवरणपत्र; ३० सप्टेंबरच्या आत लेखापरीक्षण पुरे करून अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे; ३१ ऑक्टोबरपर्यंत आयकर विवरणपत्र; घटनेत असेल त्या महिन्यात वार्षिक सभा; फेब्रुवारीत पुढील वर्षाचे अंदाजपत्रक. शासनाने तारीख वाढवली तर आनंद मानावा, वाढवेल असे गृहीत धरू नये.

१०. बाहेर पडताना

मुदत संपली, तब्येत साथ देत नाही किंवा मंडळाच्या वागण्याशी पटत नाही, अशा कोणत्याही कारणाने पद सोडायचे असेल तर सभेला येणे बंद करणे हा मार्ग नाही, कारण शेड्युल एकवर नाव असेपर्यंत नोटीस तुमच्याच घरी येते. राजीनामा लेखी द्यावा, त्यावर तारीख घालावी, पोच घ्यावी, आणि तो स्वीकारल्याचा ठराव केव्हा झाला हे विचारावे. बँकेतील सहीचा हक्क रद्द करण्याचे पत्र त्याच आठवड्यात द्यावे. तुमच्याकडे असलेली प्रोसिडिंग बुके, चेकबुक, शिक्के, पासवर्ड आणि मूळ दस्तऐवज यांची यादी करून नव्या सचिवाची सही घेऊन ते हवाली करावेत आणि यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. मग चेंज रिपोर्ट दाखल झाल्याचा क्रमांक मागावा, आणि तीन महिन्यांनी एकदा धर्मादाय कार्यालयात अर्ज करून शेड्युल एकचा उतारा काढावा. त्यावर आपले नाव दिसत नसेल, तरच फाइल कपाटात टाकावी.